सतराशे फुटांची पट्टी आणि सदतीस बिळं

तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या विमानातून आम्ही अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरातल्या एका धावपट्टीवर उतरलो. वरून ती पट्टी हिरव्या सतरंजीसारखी दिसत होती. चाकं टेकली, विमान शंभरेक फूट धावलं आणि पुढचं चाक कशात तरी गेलं. खाडकन आवाज झाला. विमान नाक खाली करून थांबलं. कुणाला काही लागलं नाही, पण प्रोपेलरची पाती वाकली आणि पुढच्या चाकाचा दांडा मोडला. उतरून पाहिलं तर गवताखाली बादलीच्या तोंडाएवढं बीळ. मैत्रीण काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मला तेव्हा एवढंच सुचलं, की आपल्या आधी इथून कुणी पायी चालत गेलं असतं तर हे त्याला दहा पावलांवरून दिसलं असतं.

मी पायलट नाही. शिकायला लागले होते, चौदा तासांनंतर सोडून दिलं, कारण मला विमान लागतं. सरळ उडताना नाही, पण दरीत वळणं घेत उतरताना हमखास. आणि या भागात सरळ उडून कुठेच पोचता येत नाही. मग हळूहळू पायी जाऊन पट्ट्यांची डागडुजी करणाऱ्या लोकांत जाऊन मिसळले. दोन उन्हाळे इतरांबरोबर गेले. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकटी गेले. बरोबर येणाऱ्याचा गुडघा ऐनवेळी सुजला आणि मला तारीख सोडवेना.

जागा फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न विल्डरनेस. सुमारे 23 लाख एकर. अलास्का सोडला तर अमेरिकेतलं सलग असं सर्वात मोठं संरक्षित रान. सॅमन नदीतून पूर्वी होड्या खाली जायच्या, पण प्रवाहाविरुद्ध वर येऊ शकायच्या नाहीत, म्हणून ‘परत न येणारी नदी’. सेनेटर फ्रँक चर्च यांचं नाव त्याला 1984 साली जोडलं, आणि त्याच वर्षी ते गेले. रस्ते जवळजवळ नाहीतच. आतल्या मोजक्या रँचवर अजूनही टपाल विमानानं येतं. चेंबरलेन, कोल्ड मेडोज, कॅबिन क्रीक, सोल्जर बार अशा पट्ट्या रानभर विखुरल्या आहेत. मी गेले ती बिग क्रीकच्या खोऱ्यातली. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. या मंडळींत तशी रीतच आहे: ज्याला तिथे उतरण्याची लायकी आहे त्याला नाव आधीच ठाऊक असतं.

पट्टी म्हणजे काय, तर सुमारे साडेसतराशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असा गवत-खडीचा तुकडा, समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांवर. एक टोक वर, एक खाली. उतरायचं ते चढाच्या दिशेनं, उडायचं ते उतारानं. वारा कुठलाही असो. वरच्या टोकाला डोंगर आहे, त्यामुळे एका ठरावीक बिंदूनंतर ‘नको, पुन्हा फेरी मारू’ असं म्हणता येत नाही.

आता कायद्याची गंमत. 1964 च्या विल्डरनेस ॲक्टनं संरक्षित रानात मोटार, इंजिनाची हत्यारं, चाकाची वाहनं आणि विमान उतरवणं या सगळ्याला बंदी घातली. पण जिथे विमानं आधीपासून उतरत होती तिथे ती उतरू देता येतील अशी सवलतही त्यात ठेवली. मग 1980 साली हे रान जाहीर करताना वेगळ्या कायद्यानं आणखी पक्कं केलं, की नेहमीच्या वापरातल्या पट्ट्या, विमानांना फारच धोका असल्याशिवाय आणि आयडाहो राज्याची लेखी संमती असल्याशिवाय, कायमच्या बंद करायच्या नाहीत. म्हणजे विमान चालेल, पण त्याच्यासाठी गवत कापायचं ते इंजिनाशिवाय. ‘माणूस इथे पाहुणा, मुक्कामाला राहणारा नव्हे’ अशा अर्थाचं वाक्य त्या कायद्यात आहे, आणि मी तिथे जाऊन पाहुण्यांसाठी अंगण झाडत होते. हा विरोधाभास मला अजून सुटलेला नाही. पट्ट्या नकोतच म्हणणारी माणसं मला भेटली आहेत आणि त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही.

आधी कागद. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या कचेरीत स्वयंसेवकाचा करार भरायचा, कुठल्या कामात काय धोका आणि तो टाळायला काय करणार याचा तक्ता भरायचा, आणि मग समोरची बाई शांतपणे अटी सांगते. चेन सॉ, म्हणजे इंजिनाची करवत, नाही. एकटी असेपर्यंत मांडीपेक्षा जाड झाडाला हात लावायचा नाही, फक्त जागा टिपून आणायची. पट्टी एक फूटही लांबवायची किंवा रुंदावायची नाही. होती तेवढीच ठेवायची. रोज संध्याकाळी सात वाजता उपग्रहावरून निरोप पाठवायचा.

“दगड हलवायला एकचाकी हातगाडी?” मी विचारलं.

“तिला चाक आहे ना,” ती म्हणाली.

चाक म्हणजे यांत्रिक वाहन. विषय संपला.

घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, “एकटीच? तिकडे अस्वलं असतात म्हणे.”

“असतात. मोठ्यानं बोलत चालायचं, म्हणजे ती आपणहून बाजूला होतात.”

“एकटी आहेस ना? मग बोलणार कुणाशी?”

याला उत्तर नव्हतं. मग अण्णांनी फोन घेतला. त्यांनी अस्वलांचं काही विचारलं नाही. बिळं किती, माती कसली, पाणी जवळ आहे का, एवढंच. म्हणाले, “नुसती माती लोटलीस तर पहिल्या पावसात बसेल. खाली दगड घाल, वर ओलसर माती, थराथरानं. आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोक. खळं करतो तसं.” अण्णांनी आयुष्यभर सुगीच्या आधी खळी केली आहेत. मला हा सल्ला इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात इतका स्वच्छ मिळाला नव्हता.

सॅक एकवीस किलोची झाली. त्यात सात दिवसांचं जेवण, तंबू, अस्वलाचा फवारा, नवा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), तारेवरच्या छोट्या झेंड्यांचा जुडगा, घडीची करवत, कापडी बादली, ताडपत्री आणि पुलास्की. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवं कुदळीसारखं पातं. आयडाहोतल्याच वॉलेस गावच्या एड पुलास्कीच्या नावानं ते ओळखलं जातं. 1910 च्या मोठ्या वणव्यात चाळीसेक माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंडून वाचवणारा तो हाच. पहार, फावडं, दाताळं यांसारखी जड अवजारं पट्टीजवळच्या लाकडी पेटीत असतात असं सांगण्यात आलं होतं.

बॉइझीहून मॅकॉल, तिथून यलो पाइन, मग साडेसात हजार फुटांवरची प्रोफाइलची खिंड ओलांडून बिग क्रीक. खिंडीतला बर्फ वितळेपर्यंत हा रस्ता बंदच असतो. रस्ता संपतो तिथेही एक मोठी गवताची पट्टी आहे. तिच्या कडेचं जुनं लॉज 2008 साली जळलं आणि वैमानिकांनी पैसे जमवून ते पुन्हा उभं केलं. तिथे गाडी लावली आणि चालायला लागले. वीस मैलांहून थोडं जास्त अंतर. दोन दिवस.

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एकच: आडवी झाडं. या खोऱ्यात गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठे वणवे होऊन गेले आहेत. जळलेलं झाड लगेच पडत नाही. वर्षानुवर्षं उभं राहून मुळं कुजली की मग एखाद्या वाऱ्यात आडवं होतं. त्यामुळे वाट दरवर्षी नव्यानं अडते. काही खोडांवरून चढायचं, काहींखालून सॅक काढून सरपटायचं, काहींना वळसा घालून काट्यांतून जायचं. मी एकूण त्रेसष्ट मोजली. मनगटाएवढी असतील ती करवतीनं कापली, बाकीच्यांची जागा टिपली. उभ्या जळक्या खोडांखाली जेवायलासुद्धा थांबायचं नाही, हा नियम पाळला. वारा नसतानाही एक मागे कुठेतरी पडलं. तो आवाज ऐकल्यावर बराच वेळ मान खांद्यांत ओढूनच चालत होते.

बोलण्याचा प्रश्न असा सुटला, की मी पाढे म्हणत गेले. एकोणतीसचा पाढा मला अजूनही येत नाही, आणि हे एकाही अस्वलाच्या लक्षात आलं नाही.

वाटेत एक ओढा ओलांडावा लागतो, उंचावरच्या बर्फाचं पाणी. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या काठावर पोचले तेव्हा पाणी तपकिरी आणि गुरगुरणारं होतं. बर्फाच्या ओढ्यांचं गणित साधं आहे. दिवसभर ऊन लागतं, बर्फ वितळतो, ते पाणी संध्याकाळी खाली पोचतं. रात्री वर गारठतं आणि पहाटे ओढा सर्वात कमी असतो. अलीकडेच तंबू टाकला. पहाटे पाच वाजता तेच पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडला, कारण पडलंच तर सॅक अंगावेगळी करता आली पाहिजे. बूट घालूनच, काठी वरच्या अंगाला टेकवत, तोंड प्रवाहाकडे करून एकेक पाऊल. पलीकडे पोचले तेव्हा पायांना संवेदना नव्हती. ती परत आली तेव्हा वाटलं, नसतीच आली तर बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडी विरळ झाली, पॉन्डरोसा पाइनची मोठमोठी झाडं आली आणि एकदम उघडं माळरान. पट्टी. पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. गवत कमरेएवढं. वाऱ्याचा खांब उभा, पण सॉकच्या जागी चार नारिंगी चिंध्या. अवजारांची पेटी होती. पण उभ्यानं गवत कापायच्या मोठ्या विळ्याचा लांब दांडा मधोमध इतका कुरतडलेला, की हातात धरताच मोडेल असं वाटावं. ही साळिंदराची करणी. माणसाच्या घामाचं मीठ लाकडात मुरतं आणि त्यासाठी ते दांडे खातं. याआधी काम करून गेलेल्यांचा घाम कुणाच्या तरी कामी आला म्हणायचा.

त्या संध्याकाळचा सात वाजताचा निरोप जाईना. यंत्रावर नुसतं ‘पाठवत आहे’. खोरं अरुंद, आभाळाची पट्टीच दिसते आणि वर झाडं. सव्वासात, साडेसात. कचेरीशी ठरलं होतं, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही कळलं नाही तर माणसं निघतील. शेवटी पट्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिले, यंत्र डोक्यावर धरून. सात बावन्नला निरोप गेला. पट्टीचा मला झालेला तो पहिला उपयोग.

कामाची सुरुवात चालण्यानं होते. चाळीस फूट रुंदीचे चार-चार फुटांचे दहा पट्टे मनात आखायचे आणि एकेक पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. दहा वेळा साडेसतराशे फूट, म्हणजे सव्वातीन मैलांच्या वर नुसती तपासणी. काठीनं गवत बाजूला करायचं, टोक जमिनीत खुपसायचं, संशय आला तिथे झेंडा रोवायचा. दगडाला पांढरा, बिळाला लाल. वरून गुळगुळीत दिसणारी जमीन पायाला किती वेगळी लागते! मधेच एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या खुरांनी ओल्या मातीत पाडलेले खड्डे वाळून वाटीसारखे कडक झालेले. एके ठिकाणी पाण्यानं पट्टी तिरपी कापून वीतभर खोल चर पाडलेली. आणि बिळं. संध्याकाळपर्यंत लाल झेंडे सदतीस झाले.

बिळांचा क्रम समजून घ्यायला मला एक अख्खा उन्हाळा लागला होता. आधी जमिनीतल्या खारी येतात, कोलंबियन ग्राउंड स्क्विरल. त्यांचं भोक मुठीएवढं. त्यात छोटं चाक अडकेल, पण मोठं निभावून जाईल. मग त्या खारींना खायला बॅजर येतो आणि तेच भोक उकरून बादलीएवढं करतो. मैत्रिणीचं विमान ज्यात गेलं ते बॅजरचं होतं. या पट्ट्यांवर येणारी बरीच विमानं शेपटीखाली चाक असलेली आणि पुढे मोठे मऊ टायर लावलेली असतात, ती पुष्कळ सोसतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानाला मात्र असं एक बीळ पुरतं.

सगळी बिळं सारखी नसतात हे ठरवणं हाच खरा कौशल्याचा भाग. उतरताना चाकं जिथे टेकतात तो खालचा एक तृतीयांश भाग आणि मधले वीस फूट हे आधी. कडेची भोकं नंतर, वेळ उरला तर. खारी तासाभरात शेजारी दुसरं दार उघडतात, तेव्हा त्यांच्याशी युद्ध पुकारण्यात अर्थ नाही. बॅजरच्या प्रत्येक बिळात मात्र आधी कापडी बादलीनं पाणी ओतून बघितलं. तीन बादल्या गेल्या तरी भरेना असं एक होतं, म्हणजे आत पोकळी लांबवर. त्याचं तोंड पुलास्कीनं मोकळं केलं, वरची पोकळ माती पायानं आत पाडली आणि मग अण्णांची रीत. खाली डोक्याएवढे दगड, मग मुठीएवढे, मग ओलसर माती चार बोटं, ठोकायची, पुन्हा चार बोटं. धुम्मस म्हणून पडलेल्या फरच्या फांदीचा मांडीएवढा ओंडका घेतला. एका बॅजरच्या बिळाला पाऊण तास लागायचा. टाचेवर सगळा भार देऊन गोल फिरायचं आणि टाच रुतली नाही तर झेंडा काढायचा.

दगडांची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं, दगडाला किंचित वर उचलतं आणि वितळताना खालच्या पोकळीत माती शिरते. दरवर्षी असा तो थोडाथोडा वर येतो. थोडक्यात, इथे दगड उगवतात. मागच्या वर्षी वेचलेल्या जागी यंदा पुन्हा पीक. छोटे ताडपत्रीवर टाकून ओढत कडेला न्यायचे, मोठे पहारीनं उपटायचे. एका मोठ्या दगडाखाली पहार घातली, दाबली, दगड उचलला गेला आणि खालून वाळक्या शेंगेत बिया हलवल्यासारखा आवाज आला. रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळवणारा विषारी साप. माझा डावा हात त्या दगडावर टेकायला दीड फूट उरला होता. मी पहार सोडली नाही. शौर्य म्हणून नव्हे, सोडली असती तर दगड त्याच्यावर पडला असता आणि मग काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. त्यानं आपला वेळ घेतला, गवतात गेला. त्यानंतर प्रत्येक दगड आधी पहारीनं हलवून, थांबून, मग उचलला. वेग निम्म्यावर आला.

गवत का कापायचं हे पायलट नसलेल्यांना पटकन कळत नाही. तिथे जुलैत दुपारी 32 अंश सेल्सिअस सहज होतं. गरम हवा विरळ असते. त्या तापमानाला सव्वाचार हजार फुटांवरची हवा विमानाला सव्वासात हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. इंजिनाची ताकद घटते, पंखांना जास्त वेग लागतो आणि पट्टी तेवढीच. त्यात कमरेएवढं गवत चाकांना धरून ठेवतं. म्हणून जाणते लोक सकाळीच येतात आणि ऊन चढायच्या आत उडून जातात.

गवत दवानं ओलं असताना विळ्याखाली नीट पडतं, वाळलं की नुसतं वाकतं. कुरतडलेल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी काठ्या बांधून तारेनं आवळलं आणि दोन दिवस पहाटे पाच ते नऊ अशी दोन सत्रं काढली. दर पाच मिनिटांनी पात्याला पाणी लावून दगडावर धार. पूर्ण पट्टी म्हणजे दीड एकराच्या वर. ते एका माणसाचं काम नव्हे. मधले वीस फूट कापले, तेही वरच्या टोकाचे शेवटचे दोनशे फूट सोडून. दुसऱ्या दिवशी कंबर सरळ होईना तेव्हा अर्धा तास पट्टीवर उताणी पडून राहिले.

विंडसॉकनं मात्र माझी लाज काढली. खांब तळाशी बिजागरीवर आडवा होतो, एक बोल्ट काढला की झालं. बोल्ट गंजून एकजीव झालेला. वंगण आणलं नव्हतं. जेवणातलं ऑलिव्ह तेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी पहारीनं हलके ठोके दिले आणि तो वळला. खांब खाली आला तेव्हा कळलं, की वरचं लोखंडी कडं तेरा इंचांचं आहे आणि मी आणलेल्या सॉकचं तोंड दहा इंचांचं. कचेरीत कुणी माप सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. आता इलाज काय? सॉकच्या तोंडाला चार ठिकाणी चिरा दिल्या, जुन्या चिंध्यांतले बरे तुकडे त्या चिरांत घातले आणि तंबूच्या दुरुस्तीच्या सुईनं शिवलं. दोरा म्हणून दातांचा फ्लॉस. फ्लॉस साध्या दोऱ्यापेक्षा कितीतरी चिवट असतो, हे भटक्यांना माहीत असतं. कड्याला बांधायच्या पट्ट्याही बसेनात, मग तारच. नियमातला सॉक पंधरा नॉट (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वाऱ्याला पूर्ण ताठ होतो. माझा कितीला होईल ते मी सांगू शकत नव्हते. पण दिशा खरी दाखवत होता, आणि तसं मी अहवालात लिहिलंही.

पाचव्या दिवशी सकाळी माझी सर्वात मोठी चूक झाली. शेवटचे दगड ताडपत्रीवर भरून मी ती पट्टीच्या मधोमध ठेवली आणि पाणी प्यायला कडेला गेले. आठच्या सुमारास खालच्या अंगाहून इंजिनाचा आवाज आला. वळणामागून एक लाल-पांढरं विमान निघालं, उतरण्याच्या बेतानं खाली आलेलं. मी धावले. ताडपत्री शंभर किलोची तरी असेल. ओढली तर फाटली आणि दगड तिथेच पसरले. विमान वेळीच वर उचललं गेलं, जिथून परत फिरता येत नाही त्या बिंदूच्या बरंच आधी. त्यानं एक घेर घेतला, पट्टी बघितली, निळी ताडपत्री बघितली, नारिंगी सदरा घालून हात हलवणारी मला बघितली, पंख डावी-उजवीकडे हलवले आणि खोऱ्यातून वर निघून गेलं. पाच दिवस राबून मी पट्टीवर उतरण्यातला जो शेवटचा अडथळा होता तो स्वतःच मांडून ठेवला होता. जुन्या लोकांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं: काम एका कडेनं कर, पट्टीवर हातातल्याशिवाय काही ठेवू नकोस. तेव्हा मान डोलावली होती.

दगड एकेक उचलून बाहेर नेले. झेंडे मोजून काढले, एकही मागे राहायला नको. सदतीसपैकी एकतीस बिळं पक्की झाली, कडेची तीन तशीच, आणि वरच्या टोकाजवळची तीन भरलेली पण मऊ. त्यांचं अंतर पावलांनी मोजून वहीत लिहिलं आणि उपग्रहावरून कचेरीला कळवलं, म्हणजे येणाऱ्यांपर्यंत ते पोचेल. चर बुजवली नाही. तिच्या वरच्या अंगाला तिरपा दगडी बांध घातला, पाणी कडेला वळेल असा. तो टिकतो का ते पुढच्या वर्षी कळेल. अवजारांना उरलेलं ऑलिव्ह तेल लावलं. विळ्याचा दांडा पेटीत अगदी तळाशी ठेवला, साळिंदराला निदान मेहनत पडावी म्हणून. कड्याचं माप झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलं: 13.

दुपारी निघाले आणि अंधार पडायच्या आत ओढ्याच्या दोनेक मैल अलीकडे मुक्काम केला. सकाळी साडेसहाला तंबू आवरत होते तेव्हा वरून विमान गेलं, खोऱ्यातून खाली, पट्टीच्या दिशेनं. झाडांतून रंग दिसला नाही. आवाज वळणापलीकडे गेला, बारीक झाला, मग एकदम खाली आला, इंजिन मंद केल्यावर येतो तसा. मग काही नाही. ते त्याहून खालच्या रँचवरही गेलेलं असू शकतं, टपालाचंही असू शकतं. मी चहाचं पाणी ठेवलं. उकळलं, चहा झाला, पिऊन झाला. वीस मिनिटं आवाज परत आला नाही.

मग सॅक उचलली. पुढे तो ओढा होता आणि ऊन चढायच्या आत पलीकडे जायचं होतं.